स्वयंसेवेची नोंद : कृष्णाकाठच्या स्त्रियांचे संघटित कार्य (१९०९ ते २०१३)

प्रस्तावना

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा आधुनिक इतिहास हा प्रामुख्याने चळवळींचा इतिहास आहे. सत्यशोधक चळवळ, रयतेच्या शिक्षणाची चळवळ, १९४२ चा उठाव, प्रतिसरकार, सहकार आणि समन्यायी पाणीवाटपाचा लढा अशी त्याची सलग परंपरा सांगता येते. या प्रत्येक टप्प्यावर स्त्रियांचा सहभाग होता, हे सर्वच अभ्यासक मान्य करतात. मात्र हा सहभाग बहुधा 'स्त्रियांनीही मोलाची साथ दिली' अशा एखाद्या वाक्यात किंवा प्रकरणाच्या अखेरच्या परिच्छेदात उल्लेखिला जातो. साथ म्हणजे नेमके काय, ती कोणी संघटित केली, त्या कामाची नोंद कोठे झाली आणि कोठे झाली नाही, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

प्रस्तुत निबंधात कराड व त्याच्या परिसरातील, म्हणजे स्थूलमानाने कृष्णा, कोयना आणि येरळा या नद्यांच्या खोऱ्यातील स्त्रियांच्या स्वयंसेवी कार्याचा विचार 'नोंद' या एका सूत्राच्या आधारे केला आहे. नोंद हा शब्द येथे दोन अर्थांनी वापरला आहे. पहिला अर्थ इतिहासातील नोंदीचा. म्हणजे चरित्रे, संस्थांचे वृत्तांत आणि सरकारी कागदपत्रे यांत स्त्रीचे नाव येणे. दुसरा अर्थ प्रशासकीय नोंदीचा. म्हणजे हजेरीपट, शिधापत्रिका, सात-बारा आणि बँकेचे पासबुक यांवर तिचे नाव येणे. या दोन्ही नोंदींचा अभाव एकाच कारणातून निर्माण झाला, आणि या परिसरातील स्त्रियांच्या संघटनांचे महत्त्वाचे कार्य ही नोंद मिळवणे हेच होते, असे प्रस्तुत लेखिकेचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची व्याप्ती व पद्धती

निबंधाचा कालखंड पुणे सेवासदनाच्या स्थापनेपासून (१९०९) राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यापर्यंत (२०१३) घेतला आहे. अभ्यासपद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक असून प्रकाशित आत्मकथने, चरित्रे, प्रतिसरकारविषयक लेखन आणि शासकीय योजनांच्या तरतुदी यांचा आधार घेतला आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, शिराळा, खानापूर आणि तासगाव हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे स्वातंत्र्यपूर्व काळाच्या संदर्भात 'सातारा' म्हटले असता हा संपूर्ण प्रदेश अभिप्रेत आहे.

पूर्वपीठिका : सेवा आणि शहर

महाराष्ट्रातील स्त्रियांच्या संघटित सेवाकार्याचा आरंभ ज्या दोन स्त्रियांच्या नावाशी निगडित आहे, त्या दोघींचा जन्म सातारा जिल्ह्यातला आहे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला, तर रमाबाई रानडे यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. देवराष्ट्रे हे कराडपासून जवळचे गाव. यशवंतराव चव्हाण यांचे आजोळ व जन्मस्थान म्हणूनही ते परिचित आहे. मात्र या दोघींचे कार्य घडले ते पुण्यात. सावित्रीबाईंनी १८५२ मध्ये महिला सेवा मंडळ स्थापन केले. १८६३ च्या बालहत्या प्रतिबंधक गृहाच्या कामात आणि १८७७ च्या दुष्काळात अन्नछत्रांच्या कामात त्या अग्रभागी होत्या. आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करीत असतानाच त्यांचा अंत झाला. त्यांच्या कार्यात सेवा आणि सामाजिक विद्रोह या गोष्टी एकत्र होत्या.

रमाबाईंचा मार्ग वेगळा होता. वयाच्या अकराव्या वर्षी विवाह होऊन त्या पुण्यास आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनानंतर (१९०१) त्यांनी सार्वजनिक कार्यास वाहून घेतले. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुणे सेवासदनाची स्थापना केली. विधवा व निराधार स्त्रियांना शिक्षिका, परिचारिका यांसारख्या व्यवसायांचे शिक्षण देणे, ससून रुग्णालयात प्रशिक्षणासाठी विद्यार्थिनी पाठविणे, येरवडा तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटणे आणि आळंदीच्या यात्रेत स्त्री-यात्रेकरूंच्या मदतीसाठी स्वयंसेविकांचे पथक नेणे, ही सेवासदनाची कामे होती. यात्रेच्या गर्दीत मध्यमवर्गीय घरांतील स्त्रिया अनोळखी स्त्रियांच्या सेवेसाठी उभ्या राहतात, ही त्या काळातील लहान घटना नव्हे. 'स्वयंसेविका' ही भूमिका समाजमान्य करण्याचे श्रेय बऱ्याच अंशी रमाबाईंकडे जाते.

तरीही नोंदीच्या दृष्टीने दोन बाबी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले रमाबाईंचे आठवणींचे पुस्तक. स्वतः एक मोठी संस्था उभारणाऱ्या या स्त्रीने लिहिलेले हे पुस्तक मुख्यतः पतीच्या सहवासाचे आणि त्यांच्या मोठेपणाचे चित्रण करते. सेवासदनाच्या उभारणीची कथा त्यात नाही. दुसरी बाब म्हणजे या संस्थेचे सामाजिक क्षेत्र. सेवा करणारी स्त्री आणि सेवा घेणारी स्त्री यांच्यात वर्गाचे, बहुधा जातीचेही, अंतर होते. देवराष्ट्र्याची मुलगी पुण्यात संस्था उभारू शकली; मात्र देवराष्ट्र्यातच राहिलेल्या मुलींपर्यंत अशी संस्था पोहोचण्यास पुढे अनेक दशके जावी लागली.

काले ते सातारा : त्यागाची नोंद, कामाची नव्हे

ग्रामीण भागात स्त्रियांचे सार्वजनिक श्रम संस्थेच्या रूपाने नव्हे, तर घराच्या विस्ताराच्या रूपाने पुढे आले. याचे ठळक उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई पाटील. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. या वसतिगृहातील मुलांचे जेवण, आजारपण आणि सणवार लक्ष्मीबाईंनी सांभाळले. पैसे संपले तेव्हा त्यांनी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही विकण्यास दिले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

रयत परिवारात लक्ष्मीबाईंचे स्मरण अत्यंत आदराने केले जाते. तथापि त्या स्मरणाचे केंद्र मंगळसूत्र हे आहे; रोजचा स्वयंपाक, धान्याचा हिशेब, वेगवेगळ्या जातींतील मुलांना एका पंगतीत बसविताना समाजाचा व नातलगांचा पत्करलेला रोष हे नव्हे. वास्तविक जातिभेदरहित वसतिगृहाची कसोटी सभेत नव्हे, तर स्वयंपाकघरात लागते. त्या काळी हे स्वयंपाकघर चालविणारी स्त्री ही संस्थेच्या व्यवस्थापनातील प्रमुख व्यक्ती होती, असेच म्हणावे लागेल. इतिहासाने तिच्या त्यागाची नोंद घेतली, व्यवस्थापनाची घेतली नाही. त्याग एकदाच घडतो आणि त्याची गोष्ट होते. काम रोज घडते, म्हणून ते नजरेआड होते.

प्रतिसरकार : ज्या कामाचे यश नोंद न होण्यातच होते

१९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यात तालुका कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. कराडचा मोर्चा २४ ऑगस्ट रोजी, तासगावचा ३ सप्टेंबर रोजी, वडूजचा ९ सप्टेंबर रोजी आणि इस्लामपूरचा १० सप्टेंबर रोजी निघाला. वडूज आणि इस्लामपूर येथे गोळीबार होऊन सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार, लोकांच्या भाषेत 'पत्री सरकार', कार्यरत होते. गावसमित्या, न्यायदान, दारूबंदी, कमी खर्चाचे गांधी-विवाह आणि तुफान सेना ही त्याची प्रमुख अंगे होती. ७ जून १९४३ रोजी कराड तालुक्यातील शेणोली येथे रेल्वेगाडी लुटण्यात आली, ती याच तुफान सेनेकडून.

या भूमिगत चळवळीचा आधार काय होता, याचा विचार करताना एक साधा हिशेब मांडून पाहावा. दहा कार्यकर्त्यांचा एक गट एखाद्या वस्तीवर उतरला आणि प्रत्येकाने दोन वेळा तीन-तीन भाकरी खाल्ल्या, असे धरले तरी दिवसाला साठ भाकरी होतात. त्यासाठी धान्य दळणे, पाणी आणणे, जळण गोळा करणे आणि हे सर्व शेजाऱ्यांच्या व पोलिसपाटलाच्या नजरेत येऊ न देणे ही कामे एकटी स्त्री करू शकत नाही. घरोघरच्या स्त्रियांत मूक समन्वय असल्याखेरीज हे तीन-चार वर्षे चालणे अशक्य होते. या समन्वयाला नाव नव्हते, सदस्यत्वाची वही नव्हती, अध्यक्षा नव्हती. तरीही ती एक संघटनाच होती.

भाकरीपलीकडची कामेही स्त्रियांनी केली. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाताई पाटील (जन्म १९२६) या निरोप आणि शस्त्रे पोहोचविण्याच्या कामात होत्या. वाळवा तालुक्यातील भवानीनगर येथील पोलीस ठाण्यातून शस्त्रे पळविण्याच्या वेळी त्यांनी व एका सहकाऱ्याने ठाण्याबाहेर पती-पत्नीच्या भांडणाचा बनाव केला. 'नवऱ्या'ने मारहाण आरंभली, पोलीस भांडण सोडविण्यास बाहेर आले आणि तेवढ्यात इतरांनी शस्त्रे हस्तगत केली. हा प्रसंग आजवर धाडसाची कथा म्हणून सांगितला गेला आहे आणि तो तसा आहेच. परंतु त्याला आणखी एक अंग आहे. रस्त्यावर बायकोला मारणारा नवरा हे दृश्य इतके नेहमीचे होते, की पोलिसांना त्यात संशयास्पद काही वाटले नाही. स्त्रीवरील रोजची हिंसा हाच येथे क्रांतिकार्याचा सर्वांत विश्वसनीय पडदा ठरला.

इंदुताई पाटणकर (१९२५–२०१७) यांचे कार्य या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. कराड तालुक्यातील इंदोली गावातील निकम घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील दिनकरराव निकम हे स्वातंत्र्यचळवळीतून साम्यवादी विचाराकडे वळलेले कार्यकर्ते होते. पुढे हे कुटुंब कराडमध्ये राहावयास आले. १९४२ मध्ये, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, इंदुताईंनी घर सोडले. राष्ट्र सेवा दलाच्या माध्यमातून त्यांनी स्त्रियांचे व मुलींचे संघटन केले आणि भूमिगतांना शस्त्रे पोहोचविण्याची कामगिरीही पार पाडली. १ जानेवारी १९४६ रोजी प्रतिसरकारातील कार्यकर्ते बाबूजी पाटणकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कासेगाव येथे आझाद विद्यालय उभारण्यात या दोघांचा पुढाकार होता.

आता नोंदीचा प्रश्न. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना लागू केली आणि १९८० मध्ये तिचा विस्तार केला. पात्रतेचा मुख्य निकष किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास हा होता. स्त्रियांसाठी तो तीन महिन्यांचा होता. भूमिगत कार्यकर्त्यांबाबत फरारी घोषित झाल्याचा, पकडण्यासाठी बक्षीस लावल्याचा किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघाल्याचा पुरावा आवश्यक होता. असा कागद नसल्यास दीर्घ तुरुंगवास भोगलेल्या मान्यवर स्वातंत्र्यसैनिकाचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाई. स्त्रियांसाठी मुदत कमी केली, ही सवलत उदार म्हणावी लागेल. परंतु निकषाचे मूळ स्वरूप पाहिले तर अडचण मुदतीची नव्हतीच. निरोप पोहोचविणाऱ्या स्त्रीच्या कामाचे यश तिचे नाव पोलिसांच्या दप्तरात न येण्यावर अवलंबून होते. आणि पुढे सन्मानाची पात्रता मात्र तेच नाव त्या दप्तरात असण्यावर अवलंबून राहिली. जी पकडली गेली तिची नोंद झाली. जी शेवटपर्यंत सापडली नाही, तिला स्वतःच्या कामाचा पुरावा म्हणून दुसऱ्या कोणाची, बहुधा पुरुषाची, सही मिळवावी लागणार होती.

याची दुसरी बाजू वेणूताई चव्हाण यांच्या उदाहरणातून दिसते. १९४२ मध्ये विवाह होऊन त्या कराडला आल्या. यशवंतराव भूमिगत असताना १९४३ मध्ये त्यांना अटक झाली. पतीचा ठावठिकाणा लागत नाही म्हणून पत्नीस पकडणे ही तत्कालीन पोलिसांची रूढ पद्धत होती. म्हणजे तुरुंगाच्या दप्तरात स्त्रीचे नाव येण्याचे कारणही पुष्कळदा ती कोणाची पत्नी आहे हेच असे.

प्रतिसरकारच्या न्यायदानातही स्त्रियांचे प्रश्न येत असत. बायकोला छळणाऱ्या किंवा टाकून देणाऱ्या पुरुषांना शिक्षा झाल्याचे उल्लेख आढळतात, आणि ग्रामीण स्त्रियांना या सरकारविषयी वाटणाऱ्या आपुलकीचे ते एक प्रमुख कारण होते. मात्र न्याय देणारे मंडळ पुरुषांचे होते, आणि न्यायाचे स्वरूप बहुधा 'बायकोला पुन्हा नांदव' असे होते. नांदावयाचे नसेल तर स्त्रीने कोठे आणि कोणत्या आधारावर जगावे, हा प्रश्न त्या न्यायाच्या कक्षेत आला नव्हता. तो येण्यास आणखी चाळीस वर्षे लागली.

स्वातंत्र्योत्तर महिला मंडळे आणि हजेरीपट

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. या दोहोंच्या प्रोत्साहनाने महाराष्ट्रात गावोगावी महिला मंडळे निघाली. शिवणवर्ग, बालवाडी, आरोग्यविषयक माहिती आणि हळदीकुंकवाचे समारंभ हे त्यांच्या कार्याचे सर्वसाधारण स्वरूप होते. आज या मंडळांकडे काहीशा उपहासाने पाहण्याची प्रथा आहे. ती न्याय्य नाही. ज्या स्त्रीला विहीर आणि देऊळ यांव्यतिरिक्त एकत्र बसण्याची जागा नव्हती, तिला महिला मंडळाने ती दिली. ग्रामीण बालशिक्षणाचा पाया घालण्यातही गावोगावच्या बालवाड्यांचा वाटा मोठा होता. मात्र मंडळाचे अध्यक्षपद बहुधा गावातील प्रतिष्ठित घरातील सुनेकडे जाई, आणि शेतमजूर स्त्री दुपारच्या सभेस येऊच शकत नसे.

प्रतिसरकारातून स्त्रियांची स्वतंत्र संघटना का उभी राहिली नाही, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. स्वातंत्र्यानंतर चळवळीतील पुरुष काँग्रेस, समाजवादी, शेतकरी कामगार आणि साम्यवादी पक्षांत विभागले गेले व पुढे सहकारी संस्थांच्या सत्ताकारणात स्थिरावले. सहकारी संस्थेचे सभासदत्व जमिनीशी निगडित होते आणि जमीन पुरुषाच्या नावे होती. त्यामुळे भूमिगत काळातील स्त्रियांच्या समन्वयाचे रूपांतर संस्थेत होण्याचा मार्गच उपलब्ध नव्हता. स्वतः इंदुताईंच्या वाट्याला कठोर आयुष्य आले. १९५२ मध्ये बाबूजी पाटणकर यांची हत्या झाली. लहान मुलाची जबाबदारी सांभाळून त्यांनी शेतमजूर आणि स्त्रिया यांच्यातील काम चालू ठेवले.

परिस्थितीत बदल झाला तो १९७२-७३ च्या दुष्काळाने. दुष्काळी कामांवर आणि पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याखाली निघालेल्या कामांवर माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत यांसारख्या तालुक्यांतील स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. रस्त्याच्या आणि पाझर तलावाच्या या कामांवर हजेरीपट असे आणि त्यावर काम करणारीचे नाव लिहिले जाई. घरच्या शेतावर जन्मभर राबूनही जिचे नाव कोणत्याही कागदावर नव्हते, तिचे श्रम प्रथमच एका सरकारी कागदावर तिच्या नावाने मोजले गेले. मजुरी अल्प होती, विलंबाने मिळे आणि कामाच्या मोजमापाबाबत तक्रारी असत. तथापि 'मी काम करते' हे सांगण्यास आता पुरावा होता. रोजगार हमीच्या कामांवर एकत्र आलेल्या स्त्रियांमधूनच पुढील काळातील मोर्च्यांचे मनुष्यबळ उभे राहिले.

परित्यक्ता आणि शिधापत्रिका

१९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर महाराष्ट्रात स्त्रीमुक्ती चळवळीने जोर धरला. शहरात तिचे प्रमुख विषय बलात्कार, हुंडाबळी आणि कायद्यातील बदल हे होते. १९८० च्या दशकात सांगली-सातारा भागात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. इंदुताई पाटणकर आणि मूळच्या अमेरिकन, पुढे भारतीय नागरिकत्व स्वीकारून कासेगावी स्थायिक झालेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट (१९४१–२०२१) या तिच्या अग्रणी होत्या. या चळवळीने हाती घेतलेला परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न हे तिचे वेगळेपण होय.

परित्यक्ता ही विधवा नसते आणि घटस्फोटितही नसते. नवऱ्याने टाकलेली किंवा छळास कंटाळून बाहेर पडलेली ही स्त्री कायद्याच्या दृष्टीने विवाहित असते. म्हणून नवऱ्याच्या घरी तिची नोंद असते, पण ती तेथे राहत नाही. ती माहेरी राहते, पण तेथे तिची नोंद नसते. शिधापत्रिका कुटुंबप्रमुखाच्या, म्हणजे पुरुषाच्या नावे असल्याने तिला स्वतःच्या नावे धान्य, साखर वा रॉकेल मिळत नसे. शिधापत्रिका हाच निवासाचा सर्वमान्य पुरावा असल्याने घरकुल, अनुदान, मुलांचे दाखले अशी प्रत्येक वाट तेथेच अडत असे. पोटगीसाठी न्यायालयात जावे, तर तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली केंद्रीय कायद्यात २००१ च्या दुरुस्तीपर्यंत दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती.

या पार्श्वभूमीवर चळवळीने ज्या मागण्या केल्या, त्यांत परित्यक्तेस तिच्या स्वतःच्या नावे शिधापत्रिका मिळावी आणि कसण्यास व राहण्यास जमीन मिळावी या मागण्या प्रमुख होत्या. वरवर पाहता ही मागणी अगदी साधी आहे. कार्डाचा एक कागद, त्यावर एक नाव. परंतु ती मान्य करणे म्हणजे पुरुषाविना असलेले कुटुंब हेही कुटुंब आहे, हे शासनाने मान्य करणे होय. प्रतिसरकारच्या काळातील 'पुन्हा नांदव' या न्यायापासून 'ती स्वतंत्र राहील, तिच्या नावाची नोंद करा' या मागणीपर्यंतचे अंतर येथे पार झाले. आणि या दोन्ही टप्प्यांत इंदुताई उपस्थित होत्या, हे सातत्य लक्षणीय आहे. १९४३ मध्ये ज्या वयात त्या निरोप व शस्त्रे पोहोचवीत होत्या, त्या वयाच्या मुलींचे प्रश्न घेऊन त्या साठीच्या उंबरठ्यावर मोर्च्यात चालत होत्या.

याच काळात खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण उभारले. तांदूळवाडी व बलवडी या गावांसाठीच्या या धरणाकरिता वाळूच्या उत्पन्नातून आणि श्रमदानातून साधने उभी राहिली. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबास पाण्याचा समान वाटा हे त्यामागील तत्त्व होते. पाणी जमिनीला नव्हे, माणसाला, या तत्त्वामुळे परित्यक्तेसारख्या भूमिहीन स्त्रीच्या हक्काचा विचार प्रथमच शक्य झाला.

सहीचा हक्क : म्हसवड

नोंदीच्या या इतिहासातील आणखी एक टप्पा माण तालुक्यातील म्हसवड येथे घडला. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने तेथे स्त्रियांची सहकारी बँक स्थापन करण्याचा प्रस्ताव पुढे आला. प्रवर्तक स्त्रियांनी अर्जावर अंगठे उमटविलेले असल्याने रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला. त्यानंतर या स्त्रियांनी लिहिणे-वाचणे शिकण्यास आरंभ केला आणि आपण निरक्षर असलो तरी व्याजाचा हिशेब तोंडी करू शकतो, हे अधिकाऱ्यांसमोर सिद्ध केले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. येथे सेवा देणारी आणि सेवा घेणारी असे दोन वर्ग उरले नाहीत. कर्ज घेणारी स्त्री हीच भागधारक होती. सेवासदनापासून सुरू झालेल्या प्रवासात संस्थेची रचनाच बदलली, ती येथे.

कायद्यातील प्रतिध्वनी

२०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत 'विभक्त' व 'घटस्फोटित' असे स्वतंत्र स्तंभ आहेत. त्यांनुसार देशात विभक्त स्त्रियांची संख्या सुमारे २३ लाख, म्हणजे घटस्फोटित स्त्रियांच्या दुपटीहून अधिक होती. परित्यक्ता ही कायद्याला न दिसणारी स्त्री संख्येने किती मोठी आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १३ नुसार शिधापत्रिकेसाठी कुटुंबातील अठरा वर्षे वा त्यावरील वयाची सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही कुटुंबप्रमुख मानली जाते. हा कायदा केवळ एखाद्या जिल्ह्यातील चळवळीमुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु देशभरातील ज्या मागण्यांचा तो परिपाक आहे, त्यांत कृष्णाकाठच्या परित्यक्ता स्त्रियांचाही आवाज होता, असे निश्चितपणे म्हणता येते.

अर्थात नाव लिहिले म्हणजे अधिकार मिळाला, असे होत नाही. कार्डावर प्रमुख म्हणून स्त्रीचे नाव आणि धान्याचा, पैशाचा निर्णय मात्र पुरुषाचा, हे चित्र आजही दुर्मीळ नाही. नोंद ही अधिकाराची हमी नव्हे. परंतु नोंदीवाचून अधिकाराची मागणीही करता येत नाही.

निष्कर्ष

१) कृष्णाकाठच्या स्त्रियांचे स्वयंसेवी कार्य सेवा, साथ आणि हक्क अशा तीन अवस्थांतून गेलेले दिसते. या अवस्था एकापाठोपाठ एक संपत नाहीत. त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात.

२) प्रतिसरकारातील स्त्रियांचा सहभाग हा व्यक्तिगत धाडसाचा तसेच अनौपचारिक संघटनेचा पुरावा आहे. औपचारिक नोंदीवर आधारलेल्या इतिहासलेखनास आणि सन्मान योजनांस ही संघटना दिसू शकली नाही.

३) इतिहासातील अनुल्लेख आणि शिधापत्रिकेवरील अनुल्लेख यांचे मूळ एकच आहे. दोन्ही ठिकाणी स्त्रीची ओळख तिच्या पुरुष नातलगाद्वारे निश्चित केली गेली.

४) संस्थेचे यश मोजताना किती स्त्रियांना मदत मिळाली, याबरोबरच मदत घेणाऱ्या स्त्रीचा निर्णयप्रक्रियेत किती सहभाग झाला, हा निकष लावणे आवश्यक आहे.

समारोप

इंदुताई पाटणकर यांचे २०१७ मध्ये आणि हौसाताई पाटील यांचे २०२१ मध्ये निधन झाले. या दोघींविषयी लिहिले गेले, हे आपले भाग्य. परंतु साठ भाकऱ्या भाजणाऱ्या, निरोप पदरात बांधून नेणाऱ्या आणि पुढे हजेरीपटावर अंगठा उमटविणाऱ्या शेकडो स्त्रियांची नावे आता केवळ त्यांच्या लेकीसुनांच्या स्मरणात उरली आहेत, आणि त्या लेकीसुनाही आज वृद्ध झाल्या आहेत. आपल्या परिसरातील प्रत्येक महाविद्यालयात इतिहास विभाग आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावात भरते आणि त्या गावातील घरांत या आठवणी सांगणारी माणसे अजून आहेत. शिबिरातील एक दुपार घरोघरी जाऊन या स्त्रियांचे पूर्ण नाव, माहेरचे गाव आणि त्यांनी केलेले काम लिहून घेण्यास दिली, तर कोणत्याही दप्तरात नसलेली एक नोंदवही तयार होईल. हे काम अवघड नाही. मात्र ते आणखी दहा वर्षांनी करता येणार नाही.